फोटोखाली दोन ओळी

विनू, तुझ्या जाण्याची बातमी फोटो होऊन गेली. हे तुला कोणीतरी सांगायलाच हवं, आणि तुझ्याशी भांडायची सवय मलाच आहे, म्हणून मी सांगते. आपल्या चुलतभावाने, प्रमोदने, ती मोबाइलवर बनवली. वर समई, दोन्ही बाजूंना पांढरी फुलं, मध्ये तुझा ओळखपत्रावरचा फोटो, खाली वळणदार अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि अंत्ययात्रा कधी, कुठून निघणार ते. ती त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, तुझ्या ऑफिसातल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकली, आणि तुझ्या धुळ्याच्या दृष्टिहीन मित्रांच्या ग्रुपवरही टाकली. तिथेसुद्धा नुसता फोटोच. सोबत टाइप केलेलं एक अक्षर नाही. मी तेव्हा तुझ्या उशाशी बसले होते, फोन कुठे आहे याचंही मला भान नव्हतं. डोळस माणसांना ते सगळं फार सुबक वाटलं म्हणे. तुझ्या मित्रांच्या फोनने त्यातला एकच शब्द वाचला: फोटो.

तुझ्याच बातमीची ही गत! ज्या माणसाने 'फोटो पाठवा, पण खाली दोन ओळी लिहा' म्हणून सगळ्या नात्यागोत्याचं डोकं खाल्लं, त्याची बातमी. तुला आधी राग आला असता, मग हसू आलं असतं, मग हसल्याचा पुन्हा राग आला असता. माझं हसूपर्यंत काही पोचलेलं नाही. मी अजून पहिल्या रागावरच अडकले आहे.

बोदवडजवळच्या आपल्या गावात गोवराने तुझे डोळे गेले तेव्हा तू एवढासा होतास की उजेडाची आठवणही तुला राहिली नाही. मी तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागले होते. मला अक्षरं जुळवता येऊ लागली तशी आईने मला कामाला लावलं. "अक्का, त्याले वाचून दाखव वं." बस, तेव्हापासून मी वाचत आले. दिसेल ते वाचायची. बियाण्याच्या पिशवीवरचं, काडेपेटीवरचं, एसटीच्या पाटीवरचं, आणि पुढे तुझी कॉलेजची पुस्तकं. वेचलेल्या कापसाच्या ढिगावर तू लोळत पडायचास, मी दाराशी उजेडाला बसून वाचायची, आणि तू मध्येच ओरडायचास, "अक्का, पयव ना गाडी!" मला पळवता यायचं नाही. मी मास्तरीण होणार हे तेव्हाच ठरलं असावं, इतकं मी ठासून आणि सावकाश वाचायची. तू चडफडायचास, पण ऐकायचास.

मग तुला धुळ्याला सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. शेजारच्या ऑफिसात हिरामण भेटला, तोही दृष्टिहीन, तोही त्याच कामावर. तुमची दोघांची ओळख आधी आवाजाची, मग चहाच्या टपरीवरची, आणि मग जन्माची. मी सुट्टीत यायची तेव्हा तू साठवून ठेवलेली सगळी पत्रं, परिपत्रकं माझ्यापुढे टाकायचास आणि मी पदर खोचून वाचायला बसायची. त्या वेळी मला वाटायचं, ह्याचं माझ्यावाचून काही चालणार नाही. हे वाटणं मला आवडायचं, विनू. तुला हे कधी सांगितलं नाही.

पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, ऑफिसातला तो टेलिफोनचा बोर्ड उचलून नेला आणि तुला कोपऱ्यातली एक खुर्ची दिली. पगार चालू, काम काही नाही. त्या खुर्चीवर बसून तू बोलता कॉम्प्युटर शिकलास, मग बोलता फोन. बोट जिथे ठेवशील तिथलं अक्षर तो बोलून दाखवायचा. पहिल्या दिवशी मी तो ऐकला तेव्हा मला वाटलं, कोणाला तरी फार घाई झाली आहे आणि नाक दाबून धरलं आहे. तू त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होतास की मला एक शब्द कळेना. तू मात्र डोकं हलवत होतास, हसत होतास. शेवटी तुला पळवणारं कोणीतरी मिळालं होतं.

त्या सुट्टीत तू मला काहीच वाचायला दिलं नाहीस. मी आपली पिशवीतून चष्मा काढून बसले होते. तू म्हणालास, "अक्का, मी वाचलं समदं." केवढ्या आनंदाने म्हणालास! मी "बरं झालं बाई" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन वांगी चिरायला घेतली. शाळेतून मी निवृत्त झाले तेव्हा मला हार घातला होता, भाषणं झाली होती. तुझ्याकडून निवृत्त झाले तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पण तो फोनही तुला सगळीकडे नेत नव्हता. कोणाच्या तरी अ‍ॅपमध्ये शिरलास की तो म्हणायचा, "बटन. बटन. बटन." बनवणाऱ्याने बटनांना नावंच दिलेली नसायची. तू त्याची नक्कल करत घरभर फिरायचास. मी विचारलं, भाजीला काय करू, की तू म्हणायचास, "बटन." आणि दुसरी रड फोटोंची. फोटोत लिहिलेलं तुझ्या फोनला धड वाचता यायचं नाही, आणि आपल्याकडे तर सगळ्यांना सगळं फोटोतच पाठवायची हौस. साखरपुडा फोटोत, बारसं फोटोत, नळाला पाणी येणार नाही तेही फोटोत. मीही त्यातलीच. रोज सकाळी गुलाबाचा फोटो मी तुला धाडायची आणि तुझा लगेच फोन यायचा, "काय पाठवलं वं आज? गुलाब हाये का गनपती?"

तेव्हा मी फोटोखाली लिहू लागले. 'लाल गुलाब. शेजारी चहाचा कप. चहा काळा दिसतो, पिऊ नकोस.' तू खूश. दुसऱ्या दिवशी म्हणालास, "तुझा गुलाब रोज ताजा कसा राहतो? एखाद दिवस कोमेजलेला पाठव ना." मग मी एकदा आपल्या अंगणातला वाळका गुलाब काढून पाठवला आणि खाली इमानदारीने लिहिलं, 'सुकलेला. पाकळ्यांच्या कडा तपकिरी. तुझ्या बहिणीसारखा.' तो तू हिरामणला आणि सगळ्या ग्रुपला पुढे पाठवलास. म्हणालास, आजवर आलेला हा पहिला खरा गुलाब.

आणि नशिराबादचं लग्न! आपल्या भाचीच्या लग्नाचा हॉल ऐनवेळी बदलला. बदल ग्रुपवर आला, अर्थातच फोटो होऊन, सोनेरी नक्षी काढून. मी लग्नघरातच होते, मला वाटलं तुला कळलं असेल. तू आणि हिरामण धुळ्याहून बसने आलात, जुन्या हॉलवर उतरलात, तुमचं आगतस्वागत झालं, कोणीतरी हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं. वरण-बट्टी आग्रहाने खाल्लीत. आहेराचं पाकीट नवऱ्याच्या हातात ठेवून तोंडभर आशीर्वाद दिलात. तो नवरा आपला नव्हताच! संध्याकाळी तुझा फोन आला, "अक्का, बट्टी फार छान होती, पण तू कुठं दिसली नही." तू 'दिसली नही' असंच म्हणायचास, आणि मला त्याचं कायम हसू यायचं.

त्या लग्नावरून घरभर महिनाभर हशा चालला होता. तू मात्र तो हशा वाया जाऊ दिला नाहीस. दिवाळीला सगळे जमले तेव्हा उभा राहिलास आणि म्हणालास, "हसून झालं असीन तं ऐका. फोटो पाठवा, पन त्याच्याखाली दोन ओयी लिहा. मले वाचून नका दाखवू. मले वाचू द्या." प्रमोदनेच सगळ्यात आधी हो म्हटलं होतं. काही दिवस सगळ्यांनी नेमाने लिहिलंही. मग एकेकाचं सुटत गेलं. तू आठवण करून द्यायचास, ते पुन्हा लिहायचे, पुन्हा सुटायचं.

निवृत्तीनंतर तू माझ्याकडे जळगावला राहायला आलास. माझंही घर तोवर रिकामं झालं होतं. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता, घरबसल्या, फोनवर. सोपं आहे म्हणाले सगळे. फोनने सांगितलं, चेहरा चौकटीत आणा. कुठली चौकट, ते सांगितलं नाही. मी तुझी हनुवटी धरून तुला डावीकडे, उजवीकडे, वर करत होते, आणि मग त्याने सांगितलं, डोळे मिचकावा. मग तू असा हसलास, असा हसलास, की खुर्चीवरून घसरलास. "अक्का, मी जित्ता हाये हे याले डोयेच सांगतीन का? तोंड हाये ना मले!" मी नाही हसले. मला त्या फोनला भिंतीवर आपटावंसं वाटलं. तू डोळे पुसलेस, चहा मागितलास, आणि त्याच दुपारी ज्यांनी ते बनवलं त्यांना ईमेल लिहायला बसलास. उत्तर आलं नाही. तू पुन्हा लिहिलंस. तुझी ही चिकाटी मला कधीकधी फार सतावायची, खोटं कशाला बोलू.

आपलं शेवटचं भांडण त्याच्यावरूनच झालं. नळाच्या वेळा बदलल्याचं कॉलनीच्या ग्रुपवर आलं, फोटोत. मी सहज वाचून दाखवायला लागले तर तू मला थांबवलंस. "त्याहीले लिहू दे." मी म्हणाले, अरे, मी इथे चार हातांवर बसलेली आहे, मी वाचते, संपलं. तू म्हणालास, "आन तू नसशीन तव्हा?" मला फार लागलं. मी म्हणाले, म्हणजे मी तुझ्या आधी मरणार हे तू ठरवूनच टाकलंस का? तू म्हणालास, "तू मोठी हाये, अक्का. हिशेबच तसा हाये." मी ताट आपटलं आणि आत गेले. तू बाहेरून म्हणालास, "रागावू नको वं. तुझं वाचणं मले आवडते. पण मले गरज म्हणून नको, आवड म्हणून पाहिजे." उत्तर सुचत होतं, दिलं नाही. जेवायला बसलो तेव्हा दुसराच विषय निघाला.

तो हिशेब चुकला, विनू. तू सकाळी दाढी करायला बसलास, 'छातीत कसंतरी होतंय' म्हणालास, आणि डॉक्टर येईपर्यंतही थांबला नाहीस. मी नसल्यावर तुला कोण वाचून दाखवणार, यावर आपण भांडत बसलो. तू नसल्यावर मी कोणाला वाचून दाखवू, हे कोणी विचारलंच नाही.

तुला पोचवून सगळे परत आले. बायका मला आंघोळीला उठवत होत्या, तेवढ्यात फळीवरचा तुझा फोन बोलू लागला. "हिरामण धुळे. हिरामण धुळे." त्याची रोजची संध्याकाळची वेळ. मला वाटलं, त्याला कळलं आहे, रडायला फोन केला आहे. मी उचलला. तो आपला नेहमीसारखा म्हणाला, "अक्का, तू? विनायकले दे ना. कथा गया तो?" कुठे गेला, विचारत होता.

मी काय करायला हवं होतं, सांग. मी सांगितलं. मग तो म्हणाला, "सकायले ग्रुपवर काही तरी उनं व्हतं. मना फोन 'फोटो' इतलंच बोलना. मंग बठ्ठासना जोडेल हात उनात. माले वाटनं, देवना फोटो व्हई." प्रमोदने तुझ्या फोटोखाली हात जोडले, आणि मग सकाळभर सगळ्यांनी देव समजून जोडले होते. त्याचा फोन एकेक करून ते हात त्याला वाचून दाखवत होता. देवाच्या फोटोखाली रोज तेच हात येतात. त्या ग्रुपवरच्या एकालाही कळलं नाही, विनू. तुझ्या अंत्ययात्रेला गल्ली भरून माणसं होती आणि तुझ्या माणसांतलं एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी द्वारदर्शनाला, दुखवट्याला दारी येऊन बसायला, तो पहिल्या बसने आला. काठी दाराशी ठेवली, इतरांसारखाच ओट्यावर बसला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "अक्का, माले खांदा देवाना व्हता." एवढंच. मी त्याचा हात धरला आणि तोंडाला पदर लावला. जिवाभावाचा दोस्त, आणि त्याला खांदा देता आला नाही, कारण कोणाला दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत.

मी प्रमोदवर तुटून पडले. सगळ्यांच्या देखत, सुतकात. तो रडायलाच लागला. "अक्का, घाईत ध्यानातच नही रायलं. सगये असंच तं टाकता." खरं आहे त्याचं. तुझ्यावर त्याचा जीव होता, फुलं निवडायलाही त्याने वेळ घेतला असणार. प्रेमात काही कमी नव्हतं. तू असतास तर त्याला जवळ बसवून घेतलं असतंस आणि समजावलं असतंस. मला ते जमत नाही. मी अजून त्याच्याशी धड बोललेले नाही.

परवा तुझी गंधमुक्ती, सुतक फिटायचा दिवस. त्याचा निरोप मी स्वतः टाइप केला, साध्या अक्षरांत, दिवस, वेळ, पत्ता, बस कुठे थांबते आणि उतरल्यावर कोणत्या हाताला वळायचं तेसुद्धा. पाठवण्याआधी तो तुझ्या फोनवर लावून बघितला, नीट वाचला जातो का. प्रमोद चोरट्यासारखा दारात उभा होता. म्हणाला, अक्का, सोबत एक फोटो तर असू दे. मी म्हणाले, असू दे. पण ओळखपत्रावरचा नाही. तुझ्या निरोप समारंभातला मी निवडला. प्रमोद म्हणाला, यात दादा कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. मी म्हणाले, म्हणूनच.

त्या फोटोवरून एकदा तू मला विचारलं होतंस, आठवतं? "अक्का, मी फोटोत कसा दिसतो?" मी म्हणाले, बापासारखा. तू विचारलंस, "बाप कसा दिसे?" तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मी उठले. तू पुन्हा विचारलं नाहीस, आणि मला वाटलं, सांगू कधीतरी, जातोय कुठे. आयुष्यभर मी तुला काडेपेटीसुद्धा वाचून दाखवली. तुझा चेहरा तेवढा वाचून दाखवायचा राहिला.

म्हणून मी त्या फोटोखाली लिहिलं. दोन ओळींत मावलं नाही, रागावू नकोस.

'फोटोत विनायक आहे. पांढरा शर्ट, इस्त्री कडक, वरचं बटन लावलेलं. गळ्यात झेंडूचा हार, तो एका बाजूला सरकला आहे. कपाळ रुंद, वडिलांसारखं. नाक आईचं. केस सगळे पिकलेत, पण दाट आहेत. दाढी करताना हनुवटीला लागलेलं दिसतं. तो कॅमेऱ्याकडे बघत नाही. त्याला डावीकडून बहिणीने हाक मारली आहे, म्हणून मान तिकडे वळवली आहे आणि तो हसतो आहे. हसताना त्याचे डोळे मिटतात. फार देखणा दिसतो.'

सगळ्या ग्रुपवर पाठवून दिलं, तुझ्या मित्रांच्याही. माझा फोन मुकाच. पण फळीवरून तुझा फोन बोलायला लागला. तुझ्या त्या जीवघेण्या वेगाने त्याने माझी सगळी अक्षरं एका दमात सांगून टाकली आणि गप्प झाला. मला एक शब्द कळला नाही. तुझं कपाळ कुठे आलं, हाक कुठे आली, काही कळलं नाही.

थोड्या वेळाने तोच फोन म्हणाला, "हिरामण धुळे." सवयीने तुझ्याच नंबरवर केला होता त्याने. मी उचलला.

"अक्का, मी वाचं," तो म्हणाला. "रोज वेग वाढाईसन ऐकस मी. आज कमी करीसन ऐकं. दोन डाव."

दोनदा, सावकाश ऐकलं होतं त्याने. मी त्याला म्हणाले, परवा लवकर ये. फोन ठेवला, पुसला, पुन्हा चार्जिंगला लावला. त्याचा वेग कसा कमी करायचा ते प्रमोदने मला दाखवलं आहे. एक बोट फिरवायचं, बस.

विनू, तुझा वेग मी बदललेला नाही.